तिसरा निरोप

फोटो मक्याच्या पोंग्याचा होता. पानांवर भोकं, पोंग्याच्या तोंडाशी लाकडाच्या भुशासारखा ओलसर चुरा, आणि खाली तीनच शब्द : ‘हे काय आहे?’ वेळ रात्री पावणेदोनची. त्या आठवड्यात शेतीपंपांची वीज रात्रपाळीला होती. पाणी पाजायला गेलेल्या एका शेतकऱ्यानं बॅटरीच्या उजेडात तो फोटो काढून आमच्या गटावर टाकला होता. पहाटे पाचला उत्तर आलं : ‘उजाडल्यावर पोंगा उलगडा. अळी तळहातावर घ्या. डोक्याचा एक आणि शेपटीकडचा एक फोटो टाका.’ साडेसातला दोन फोटो आले. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी फिकट रेघ. शेपटीकडच्या वलयावर चार काळे ठिपके, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्यासारखे. अमेरिकन लष्करी अळी. दहा मिनिटांत उपाय सांगून झाला, अंगठे पडले आणि गट पुढच्या प्रश्नाकडे वळला.

नवव्या दिवशी त्याच शेतकऱ्याचा निरोप आला, कुणी न विचारता. ‘औषध पोंग्यात पडेल असं जिथं मारलं तिथं नव्या पानावर खाणं नाही. बांधाकडच्या चार सऱ्या वरवर मारल्या गेल्या, तिथं अळी अजून आहे.’ सोबत दोन्ही ठिकाणचे फोटो.

त्या दिवशी गटावर दीडशे तरी निरोप आले असतील. सुप्रभात, बाजारभाव, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. पण गटाला काही शिकवून गेला तो हाच. पहिला निरोप प्रश्नाचा असतो, दुसरा उत्तराचा. उत्तराप्रमाणे करून पाहिल्यावर शेतात काय झालं, हे परत येऊन सांगणारा तो तिसरा. माझ्या अनुभवात ज्या गटात तिसरा निरोप येतो तो गट टिकतो. जिथं तो येत नाही तिथं माणसं शेकड्यांनी असतात, प्रश्नही भरपूर असतात, पण वर्षभरानंतर तोच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला जातो आणि त्याला तेच अंदाजाचं उत्तर मिळतं.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फोनवरून असे गट चालवणाऱ्यांसाठी हे पुस्तक तयार झालं आहे. कुणी ठिबकच्या स्वयंचलित यंत्रणेभोवती गट बांधला आहे, कुणी उसाच्या रोप लागणीभोवती, कुणी गावातल्या हवामान केंद्राभोवती, तर कुणी महाविद्यालयात संगणकप्रणाली लिहिणाऱ्या मुलामुलींभोवती. तंत्र वेगवेगळं आहे. अडचण मात्र सगळ्यांची सारखीच : माणसं जोडायला एक संध्याकाळ पुरते, त्यांना एकमेकांच्या उपयोगी ठेवायला वर्षं लागतात. ती वर्षं कशी घालवायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

*

आपल्या मातीत ही गोष्ट नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायलाच दोनेक वर्षं गेली. पुढं औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आजच्या पलूस तालुक्यातली हीच ती वाडी. त्याच वाडीत १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी, एवढ्याच हेतूनं ते सुरू झालं होतं. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याला असा आकार आला की पुढं ‘किर्लोस्कर’ हे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही त्याच घरातून निघाली.

यंत्र बनवणाऱ्या माणसांना छापखान्याची गरज का वाटली असावी? मला असं दिसतं की नांगर विकला म्हणजे काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. तो वापरणारा माणूस आपल्याशी जोडलेला राहिला पाहिजे, त्याचं कुतूहल जागं राहिलं पाहिजे आणि आपल्यासारखे आणखी कुणी आहेत हे त्याला कळलं पाहिजे. यंत्राभोवती वाचकांचा समाज उभा करण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी झालं आहे.

साताऱ्याकडचा धागाही याच नांगराला बांधलेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील काही काळ किर्लोस्कर आणि कूपर यांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. नांगर विकता विकता त्यांना बहुजनांच्या घरातलं अज्ञान जवळून दिसलं. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. विकायला गेलेला माणूस ऐकायला थांबला, तर केवढं काम उभं राहतं याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही. गट चालवणाऱ्यानं ते मनाशी जपावं. आपण काही सांगायला गट काढतो, आणि तो टिकतो तो ऐकून घेतल्यानं.

*

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिमोग्याच्या मक्यावर एक अनोळखी अळी दिसली. तिथल्या कृषी विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ शरणबसप्पा आणि कल्लेश्वरस्वामी यांनी ती ओळखली. मूळची अमेरिका खंडातली ही लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि तिथून दोन वर्षांत भारतात पोचली होती. तिचा पतंग वाऱ्याबरोबर लांबचा पल्ला मारतो, त्यामुळं शिमोग्याहून ती कृष्णाकाठी यायला वेळ लागणार नव्हता. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली आणि मक्यापाठोपाठ उसावरही दिसली. महाराष्ट्रातल्या उसावरची तिची पहिली नोंद करणारा शोधनिबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक सांगली जिल्ह्यातले कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले, आणि सहलेखकांत शिमोग्याचे तेच दोघे संशोधक होते.

चोरमुले यांचं नाव आपल्या भागात आणखी एका कामामुळं माहीत आहे. ‘होय आम्ही शेतकरी’ हा सांगली जिल्ह्यातून उभा राहिलेला समूह व्हॉट्सॲप आणि फेसबुकवरून ऊस उत्पादकांना जोडत गेला. शास्त्रज्ञ, प्रयोगशील शेतकरी आणि नवखे शेतकरी एकाच ठिकाणी बोलू लागले. अशा समूहाचं मोल कीड नवी असते तेव्हा कळतं. जुन्या किडीला गावातलं शहाणपण पुरतं. नव्या किडीबद्दल गावात कुणालाच काही ठाऊक नसतं. तेव्हा ज्याच्या शेतात ती आली त्याचे डोळे आणि ज्यानं ती अभ्यासली त्याचं ज्ञान, ही दोन्ही एका तासात एकत्र यावी लागतात. पूर्वी याला हंगाम जायचा. पानं घेऊन तालुक्याला जायचं, साहेब दौऱ्यावर, पुन्हा सोमवारी जायचं, तोवर पीक हातचं जायचं.

पण वेग हा या गोष्टीचा अर्धाच भाग आहे. उलटा वाय आणि चार ठिपके ही खूण एका शास्त्रज्ञानं सांगितली. ती हजारो शेतकऱ्यांच्या तोंडी बसली ती एकमेकांचे फोटो तपासून, चुकून, पुन्हा फोटो मागवून. ‘ही लष्करी नाही, ठिपके सरळ रेषेत आहेत’ असं एक शेतकरी दुसऱ्याला सांगू लागला, त्या दिवशी गटातलं ज्ञान गटाच्या मालकीचं झालं.

*

द्राक्षाच्या बाबतीत तासगाव, मिरज, पलूस भागाला असं ज्ञान आपल्या मालकीचं करण्याची सवय आधीपासून आहे. ‘तास-ए-गणेश’ हे वाण थॉमसन सीडलेसमधल्या निवडीतून तासगाव तालुक्यातल्या बोरगावात, आर्वे यांच्या बागेत पुढं आलं. बागेतल्या एका वेलीचं वेगळेपण एका शेतकऱ्याच्या नजरेनं टिपलं, शेजाऱ्यांनी काड्या नेल्या, आणि वाण गावोगाव गेलं. तेव्हा फोन नव्हते, पण परत येऊन सांगणारी माणसं होती.

आज ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पावसाचा एक सडाका आला की गट पेटतो. ‘डाऊनी आहे का भुरी?’ हा प्रश्न एका सकाळी पंधरा जण विचारतात आणि पंधराही जण पानाच्या वरच्याच बाजूचा फोटो टाकतात. डाऊनीचा तेलकट पिवळसर डाग वरून दिसतो, पण त्याची पांढरी बुरशी पानाखाली असते. म्हणून जाणता माणूस उत्तर देण्याआधी एकच ओळ लिहितो : ‘पान उलटं करा.’ या तीन शब्दांनी किती फवारण्या वाचल्या असतील! चांगल्या गटात उत्तर उशिरा येतं, कारण आधी नेमका प्रश्न मागितला जातो. गाव कुठलं, वाण कुठलं, छाटणीची तारीख काय, किती ओळींत दिसतंय, याआधी काय मारलं आणि कधी. उसाचा प्रश्न असेल तर लागण आडसाली की सुरू, की खोडवा. फोटो सकाळच्या उजेडात, पानाच्या दोन्ही बाजूंचा, शेजारी बोटाचं नख ठेवून काढलेला, म्हणजे डागाचा आकार कळतो. प्रश्न कसा विचारावा याचे पाच-सहा नमुने पुस्तकात दिले आहेत. ते गटाच्या माहितीत कायम वर ठेवावेत.

उत्तर घाईनं दिलं तर काय होतं, हे द्राक्षानंच आपल्याला शिकवलं आहे. २०१० साली युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले, माल अडकला आणि निर्यातदारांबरोबर बागायतदारही अडचणीत आले. निर्यातीच्या बागांची नोंद ठेवणारी अपेडाची ग्रेपनेट ही यंत्रणा २००६ पासून होती. प्रत्येक बागेला क्रमांक होता, तपासण्या होत होत्या. तरीही हा एक घटक नजरेतून निसटला. म्हणजे छाटणीनंतर शेंडा थांबवायला सांगितलेल्या एका औषधाचा परिणाम काही महिन्यांनी परदेशातल्या बंदरात दिसू शकतो. द्राक्षातला तिसरा निरोप कधी कधी हंगामाच्या शेवटी येतो. तोवर दुसरा निरोप कुणी, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारावर दिला होता, हे सापडलं पाहिजे. त्यासाठी साधी वही पुरते. गटातल्या एका माणसानं दर रविवारी आठवड्यातली प्रश्नोत्तरं तिच्यात तारखेनिशी उतरवायची. आमच्याकडे ती एका निवृत्त शिक्षकांनी सांभाळली आणि गटाची सगळ्यात मोलाची वस्तू आज तीच आहे.

*

तारीख आणि वेळ यांचं मोल सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात आपलं बोलणंच मुळी ‘आयर्विनला किती?’ या प्रश्नानं सुरू होतं. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत फोनवरून फिरलेले आकडे ज्यांनी पाहिले त्यांना आठवेल, ‘पाणी ५२ वर’ हा निरोप सकाळी खरा होता, दुपारी शिळा झाला होता आणि रात्री कुणीतरी तो पुन्हा ढकलला तेव्हा माणसं निर्धास्त झोपली. निरोप खोटा नव्हता. त्यावर वेळ लिहिलेली नव्हती, एवढंच. कोयनेतून किती क्युसेक पाणी सोडलं याचा आकडाही वेळेशिवाय असाच फसवतो. म्हणून आमच्या गटात नियम झाला : आकडा असेल तर जागा आणि वेळ असलीच पाहिजे, नसेल तर निरोप काढला जाईल, पाठवणारा कितीही मोठा असो.

याच फोनवरून माणसं मेली आहेत, हेही लिहायला हवं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनी मर्यादा घालू शकते, पण ‘हे तुम्ही स्वतः पाहिलं का?’ असं विचारणारा माणूस ती देऊ शकत नाही. तो गटातच तयार व्हावा लागतो. किडीच्या फोटोवर रोज हा प्रश्न विचारायची सवय लागलेला गट अफवेच्या दिवशीही तो विचारतो. रोजच्या छोट्या शिस्तीचा उपयोग असा एखाद्या भयंकर दिवशी होतो.

*

माहितीवर कुणाचं तरी नाव असावं, हे वाईनं आपल्याला शिकवलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं, पहिला खंड १९७६ साली आला. विश्वकोशातल्या नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव छापलेलं असतं. आज हे खंड फोनवर वाचता येतात, पण नोंदीखालचं नाव तसंच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथली रीत निराळी. लेख सगळ्यांचा, पण कुणी कोणता शब्द कधी बदलला याचा इतिहास जपलेला, आणि संपादकांनी एकमेकांशी बोलण्याच्या जागेला नाव दिलेलं आहे ‘चावडी’. एकीकडे तज्ज्ञाची सही, दुसरीकडे सगळ्यांसमोर उघडी असलेली नोंदवही. दोन्ही रीती चांगल्या आहेत. आपल्या गटाला कुठली जमेल हे ठरवावं. पण जिथं सहीही नाही आणि इतिहासही नाही, फक्त ‘पुढे पाठवलेला’ अशी खूण आहे, अशा माहितीवर शेत किंवा यंत्र चालवू नये.

संगणकवाल्यांकडे तिसऱ्या निरोपाची परंपरा सर्वांत पक्की आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानं आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं आणि लोकांना त्यात काय हवं आहे ते विचारलं. त्यातून लिनक्स घडली. तिच्याभोवती जमलेली माणसं एक गोष्ट चुकवत नाहीत : चूक सापडली की ती कशी आली ते पायरीपायरीनं कळवायचं, दुरुस्ती आली की चालवून पाहायची आणि चालली का नाही ते परत येऊन लिहायचं. दुरुस्ती चालल्याचा निरोप येईपर्यंत तक्रार मिटली असं मानत नाहीत. १९४७ साली सुरू झालेल्या सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्त्यांचा गट आहे. आधीच्या तुकडीनं पुढच्या तुकडीला शिकवायचं, हा अशा गटांचा प्राण. दर वर्षी जुनी माणसं पदवी घेऊन निघून जातात, तरी गट राहतो. आपल्या शेतीच्या गटांनी त्यांच्याकडून हे घ्यावं. आपल्याकडे ॲडमिन आजारी पडला की गट आजारी पडतो.

*

गटात कोण नाही, हे पाहणंही चालवणाऱ्याचंच काम आहे. भांगलण बायका करतात, द्राक्षाचं डिपिंग आणि विरळणी त्या करतात, बेदाण्याची निवड त्यांच्याच हातून होते. मण्यावरचा पहिला डाग त्यांना दिसतो. पण फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो आणि गटात नाव त्याचं असतं. आम्ही एका हंगामात आवाजाचे निरोप चालू केले आणि टाइप करण्याची सक्ती काढली. तिसऱ्याच दिवशी एका ताईंनी घरच्या फोनवरून सव्वा मिनिट बोलून सांगितलं की डाग दव सुकल्यावर दिसत नाही, सकाळी सातच्या आत बघा. त्यांच्या आवाजामागं पाखडण्याचा आवाज येत होता. आमच्यातल्या कुणीही सातच्या आत घडाकडे वाकून पाहिलेलं नव्हतं.

माणदेशात हे आधीच ओळखलं गेलं आहे. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली, आणि पुढं त्याच परिसरात ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्रही उभं राहिलं. ज्याला लिहिता येत नाही त्याला बोलता येतं, आणि बोलणाऱ्याला ऐकणारा मिळाला की तो पुन्हा बोलतो. तंत्र निवडताना हा विचार आधी व्हावा.

*

तिसरा निरोप का येत नाही, यावर आम्ही पुष्कळ बोललो. उपाय लागू पडला तर माणूस कामाला लागतो आणि विसरतो. लागू पडला नाही तर सांगणाऱ्याचा मान राखायला गप्प बसतो. काही जणांना वाटतं, आपलं कसब शेजाऱ्याला कळलं तर त्याचा माल आपल्या आधी बाजारात जाईल. या तिन्ही गोष्टी माणसाच्या स्वभावातल्या आहेत, त्यांच्यावर रागावून काही होत नाही.

करण्यासारखं मात्र बरंच आहे. उत्तर देतानाच पुढची तारीख सांगायची : ‘मंगळवारी परत फोटो टाका.’ मंगळवारी चालवणाऱ्यानं नाव घेऊन विचारायचं, तेही आपुलकीनं. ‘दादा, त्या चार सऱ्यांचं काय झालं?’ फसलेला प्रयोग सांगणाऱ्याचं सगळ्यांदेखत कौतुक करायचं, साधलेल्या प्रयोगापेक्षा जास्त. ज्याचा सल्ला चुकला त्यानं स्वतः पहिल्यांदा तसं लिहायचं, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपते. औषधाचे दुकानदार आणि कंपन्यांचे प्रतिनिधी गटात असतील तर असू द्यावेत, त्यांच्याकडेही ज्ञान असतं, पण आपण काय विकतो हे त्यांनी नावापुढंच लिहावं. आणि गट मोठा करण्याची घाई करू नये. व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा बरीच वर्षं २५६ माणसांची होती, २०२२ मध्ये ती १०२४ झाली. मर्यादा वाढली म्हणून कुणाला हजार नावं ओळखू येत नाहीत. ज्याच्या शेताचा बांध आपण पाहिला आहे त्याला ‘काय झालं?’ विचारणं सोपं जातं, म्हणून हंगामातून एकदा तरी सगळ्यांनी कुणाच्या तरी रानात भेटावं. फोनवर जमलेली ओळख बांधावरच्या चहानं पक्की होते.

पुढच्या काळात या निरोपाची गरज वाढणार आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्यानं उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प हाती घेतला आहे. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातही अशी यंत्रं येतील, फोन सांगेल की आज पाणी द्या, उद्या खत द्या. यंत्र उपग्रहावरून पाहील, जमिनीतल्या संवेदकावरून मोजेल. पण त्याचा सल्ला मानून ऊस किती पडला, कुठं सल्ला चुकला आणि का चुकला, हे बांधावर उभं राहून सांगणारा माणूस त्यालाही लागेल. ज्या गावात असं सांगण्याची सवय आधीपासून असेल, त्या गावाच्या मातीप्रमाणं यंत्र सुधारत जाईल. जिथं ती नसेल, तिथं दुसऱ्या कुणाच्या मातीवर शिकलेलं यंत्र आपल्या रानावर हुकूम चालवेल. म्हणून गट बांधण्याचं काम फावल्या वेळेचं मानू नका. विहीर खणण्याइतकंच ते मोलाचं आहे.

पुस्तक कुठूनही उघडून वाचावं. गट नुकताच सुरू केला असेल तर प्रश्नांच्या नमुन्यांपासून, गट थंडावला असेल तर वहीच्या प्रकरणापासून, भांडणं होत असतील तर नियमांच्या प्रकरणापासून. त्यात जे लागू पडेल ते घ्या. जे लागू पडणार नाही ते आम्हाला कळवा, पुढच्या आवृत्तीत तुमच्या गावासह ते छापू.

शेवटी, ज्याच्या निरोपापासून सुरुवात केली त्या शेतकऱ्याबद्दल. पुढच्या खरिपात गटावर दुसऱ्या कुणाचा तरी मक्याचा फोटो आला, असाच रात्रीचा. पहाटे मी फोन पाहिला तेव्हा उत्तर आधीच आलेलं होतं. ‘उजाडल्यावर डोकं आणि शेपटी दोन्हीचे फोटो टाका. लष्करी असली तर औषध पोंग्यात पडलं पाहिजे, आणि बांधाकडच्या सऱ्या माणसावर सोडू नका, स्वतः बघा. माझ्या चार गेल्या होत्या. पुढच्या शनिवारी सांगा काय झालं.’

पलूस
अक्षय्य तृतीया